स्विमिंग पूलच्या टाइलवरचे डाग आणि गेलेली चमक: या चुका टाळा

पाण्याच्या रेषेवर पांढरट पट्टा उमटला, की बहुतेकांचा हात थेट ॲसिडच्या कॅनकडे जातो. पहिली चूक तिथेच होते. डाग कशाचा हे कळल्याशिवाय घासायला बसलात, तर डाग राहतो आणि टाइल जाते.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तपकिरी किंवा काळपट डागावर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. डाग फिका पडला, तर तो धातूचा, बहुधा लोहाचा. गोळीने काहीच झालं नाही, पण चिमूटभर क्लोरीनने उतरला, तर तो पानांचा किंवा शेवाळाचा. पांढऱ्या थरावर ॲसिडचा एकच थेंब टाका. फेस आला तर कॅल्शियम कार्बोनेट. तो सौम्य ॲसिडने निघतो. फेस आला नाही, तर बहुधा कॅल्शियम सिलिकेट, आणि तो ॲसिडला सहजी दाद देत नाही. तिथे ॲसिड ओतत राहिलात, तर थर जागेवर राहतो आणि सांध्यांमधलं सिमेंटचं ग्राउट मात्र विरघळतं.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती धातूच्या डागांत. डाग दिसला की क्लोरीनचा डोस वाढवायचा, ही सवय इथे उलटते. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा क्लोरीनमुळे गंज होतो आणि तो टाइलवर आणखी घट्ट बसतो. त्यामुळे आधी क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यावं, मग ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच व्हिटॅमिन सी, टाकावं आणि डाग सुटल्यावर धातूंना पाण्यातच धरून ठेवणारं सीक्वेस्ट्रंट मिसळावं. त्यानंतर क्लोरीन हळूहळू वाढवायचं. घाई केली तर डाग परत येतात. निळसर-हिरवा डाग दिसला तर तांब्याचा संशय घ्या. शेवाळासाठी टाकलेलं मोरचूद किंवा आम्लधर्मी पाण्याने खाल्लेले हीटरमधले तांब्याचे भाग ही त्याची नेहमीची कारणं. ती तशीच ठेवून डाग काढत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तारेची घासणी तर पूलजवळ आणूच नका. तिचे बारीक तुकडे सांध्यांत अडकतात, गंजतात आणि नवे डाग पाडतात. टाच घासायचा दगड काचेच्या टाइलवर ओरखडे उठवतो. भांड्यांचा साबण चालतो असं वाटतं, पण नंतर पूलभर फेस तरंगत राहतो. नायलॉनचा ब्रश आणि ओलसर खाण्याचा सोडा ही जोडी कंटाळवाणी खरी, पण सुरुवात तिनेच करावी.

ॲसिड वापरायचंच असेल, तर बादलीत आधी पाणी आणि मग ॲसिड, उलट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले, तर विषारी वायू तयार होतो, त्यामुळे दोन्हींसाठी एकच बादली, एकच मग वापरू नका.

दुसरा मोह म्हणजे सगळं पाणी उपसून निवांत घासणं. जमिनीतलं पाणी वर असेल, तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, तडे जातात. पट्टा साफ करायला पाणी वीतभर खाली उतरवलं तरी पुरतं.

चमक गेली असेल तर? पाण्याखालची मंद टाइल ओली असताना ठीकच दिसते. पातळी उतरवून वाळू द्या, मग खरं रूप दिसेल. बोट फिरवून चिकटपणा लागला, तर सनस्क्रीन आणि अंगाच्या तेलाचा थर आहे. त्याला ॲसिडची गरज नाही, एन्झाइम क्लीनर पुरतो. खरखरीत लागली, तर एका कोपऱ्यात पातळ व्हिनेगर लावून पाहा. पांढुरकेपणा गेला की समजा क्षाराचाच थर होता. आणि काहीच बदललं नाही, टाइल नुसती निस्तेजच राहिली, तर झिलईच गेलेली असण्याची शक्यता मोठी. ती कोणत्याही पॉलिशने कायमची परत येत नाही. ती टाइल बदलावीच लागते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेले क्लीनर हीच झिलई खातात आणि माणसालाही घातक असतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय टाइल क्लीनर विकत घेऊ नका.

सांध्यांतून पांढरे खडे वारंवार फुटत असतील, तर पाणी टाइलमागे मुरतंय. तिथे घासणं थांबवून आधी गळती शोधा. नव्या ग्राउटसाठी पीएच 7.2 ते 7.6 आणि कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण, 200 ते 400 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ठेवा. दोन्ही फार खाली गेले, तर पाणी स्वतःच सांधे कुरतडायला लागतं.