अमेरिकेत परिचितांच्या घरी पडून दुखापत झाल्यास भरपाई कशी मागावी

कॅलिफोर्नियात स्नेह्यांच्या घरी जेवायला गेलेला पाहुणा जिन्यावरून पडला, तर यजमानाकडे भरपाई मागणे आपल्या माणसांना कृतघ्नपणाचे वाटते आणि हजारो डॉलरची बिले मुकाट्याने भरली जातात. हा संकोच सोडावा असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण यजमानाने घराचा विमा उतरवला असेल, तर पैसे बहुधा त्याच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून येतात.

प्रथम उपचार घ्यावेत आणि कोठे, कशामुळे पडलो हे डॉक्टरांना नेमके सांगावे, म्हणजे ते कागदोपत्री येते. सैल कठडा, उखडलेली फरशी किंवा बंद दिवा यांचे फोटो त्याच दिवशी काढावेत. दुरुस्ती झाली की पुरावाही गेला.

त्यानंतर यजमानाला विमा कंपनीस कळवण्याची विनंती करावी. अनेक पॉलिसींमध्ये ‘मेडिकल पेमेंट्स’ नावाची तरतूद असते. तिच्यातून कोणाचाही दोष सिद्ध न करता साधारण १,००० ते ५,००० डॉलरपर्यंतचा उपचारखर्च मिळू शकतो. खर्च त्याहून मोठा असेल, तर मात्र यजमानाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. केवळ त्याच्या घरी पडलो एवढे पुरत नाही; धोका त्याला ठाऊक होता किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता, आणि तरीही त्याने तो दूर केला नाही किंवा पाहुण्याला सावध केले नाही, हे पुराव्याने मांडावे लागते. १९६८ च्या ‘रोलंड विरुद्ध क्रिश्चन’ खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोतील एका घरी आलेल्या पाहुण्याचा हात बाथरूममधील नळाच्या तडकलेल्या मुठीने कापला होता. ती तडकल्याचे यजमान बाईंना माहीत होते, पण त्यांनी पाहुण्याला सांगितले नव्हते. त्या निकालापासून या राज्यात घरगुती पाहुण्याबाबतही वाजवी काळजीचा सर्वसाधारण निकष लागू झाला. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत: न्यू जर्सीत यजमानाने ठाऊक असलेल्या छुप्या धोक्याची सूचना द्यायची असते, पाहुण्यासाठी घर तपासून ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

पाहुण्याचीही चूक असेल, तर त्या प्रमाणात रक्कम घटते: नुकसान ८०,००० डॉलरचे आणि चूक २५ टक्के ठरली, तर ६०,००० मिळतात.

भारतातून येऊन मुलाकडे महिनोन्‌महिने राहणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. मुलाच्याच घरी ते पडले, तर ते त्या घरचे रहिवासी असल्याचे सांगून कंपनी दावा नाकारू शकते, कारण घरात राहणारे नातेवाईक सहसा या संरक्षणातून वगळलेले असतात. म्हणून परतीचे तिकीट आणि व्हिसाची कागदपत्रे हाताशी ठेवावीत, आणि प्रवासी आरोग्य विमा आधीच घ्यावा.

यजमानाच्या निष्काळजीपणावर आधारलेल्या दाव्यात त्याच्या विमा कंपनीला ध्वनिमुद्रित जबाब देण्याचे कायदेशीर बंधन पाहुण्यावर नसते. उपचार पूर्ण होण्याआधी तडजोडीच्या कागदावर सही करू नये, कारण पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तरी सहसा पुन्हा मागणी करता येत नाही. कॅलिफोर्नियात दुखापतीचा खटला सर्वसाधारणपणे २ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि कंपनीशी बोलणी सुरू आहेत एवढ्यामुळे ती मुदत आपोआप वाढत नाही. त्यामुळे दुखापत गंभीर असेल, तर वकिलाचा सल्ला पहिल्या काही आठवड्यांतच घ्यावा.