ऑफ-रोड ट्रकसाठी विंच घेताय? खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरवरचं यंत्र, शोधायला बसलं की आधी नजर जाते ती खोक्यावरच्या आकड्यावर, ९५००, १२०००, १३०००, आणि बरेच जण तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात, आकडा मोठा आणि पैसे कमी म्हणजे सौदा झकास. आता हा आकडा खोटा असतो असं नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. तो पौंडात असतो आणि ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या रिळावर, दोराचा एकच थर असताना विंच जास्तीत जास्त किती ओढेल एवढंच त्यात असतं. वर थर चढत गेले की ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होत जाते.

किती कमी होते ते बघा. साधारण ९५०० ची विंच घ्या, ड्रम ६४ मिलिमीटरचा, वायर रोप ८ मिलिमीटरच्या जरासा वर. पहिल्या थरावर ती ४३०० किलो ओढते, चौथ्या थरावर तीच विंच २६०० किलोच्या आसपास येते, म्हणजे चाळीस टक्के ताकद नुसती दोर गुंडाळलेला असल्यामुळे गेली. आणि हा पहिला थर म्हणजे केवढा, तर जेमतेम पाच-सहा मीटर दोर, त्यातलेही पाचेक वेढे कायम ड्रमवर ठेवावेच लागतात, सिंथेटिक दोर असेल तर आठ-दहा, नाहीतर दोर सटकून बाहेर येतो. त्यामुळे खोक्यावरची ताकद तुम्हाला मिळते ती जवळजवळ सगळा दोर बाहेर काढल्यावर, आणि अडकलेली गाडी काय झाड बघून अडकत नाही, कधी आधार दहा मीटरवरच असतो. म्हणून विंचच्या माहितीपत्रकात प्रत्येक थराची ओढ दिलेला तक्ता असतो तो आधी शोधा. तक्ता दिलेलाच नसेल तर ती विंच माझ्या यादीतून तिथेच बाद.

आता आपल्याला किती लागते. ढोबळ नियम सगळ्यांना माहितीये, गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट. पण लोक इथे कंपनीच्या कागदावरचं रिकाम्या गाडीचं वजन धरतात, आणि मग त्यात लोखंडी बंपर, रूफ रॅक, पाण्याचे कॅन, जास्तीची स्टेपनी, फुल टाकी, चार माणसं हे कोणी मोजतच नाही. सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा आणि जो आकडा येईल त्याला दीडने गुणा. समजा २६०० किलो आली तर ३९०० किलो, म्हणजे ८६०० पौंड, म्हणजे ९५०० ची पुरेल. ३२०० किलो आली तर ४८०० किलो, साडेदहा हजार पौंडांच्या थोडं वर, मग १२००० च घ्यायला पाहिजे.

दीडपटच का, तर सैन्यात रुतलेल्या गाड्या बाहेर काढताना एक जुना अंदाज वापरतात तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाकं चिखलात बुडाली असतील तर गाडी हलवायला तिच्या वजनाएवढी ओढ लागते, चिखल मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट, त्याच्याही वर केबिनपर्यंत आला तर तिप्पट. वर चढ असेल तर प्रत्येक अंशाला वजनाचा साधारण साठावा भाग अजून जोडा. म्हणजे २६०० किलोची गाडी केबिनपर्यंत रुतली की ७८०० किलो लागणार, आणि एवढं सरळ ओढणारी विंच तुम्ही पुढच्या बंपरवर लावणारच नाही आहात. इथे स्नॅच ब्लॉक कामाला येतो, बाजूने उघडणारी कप्पी, दोर समोरच्या आधाराला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे ओढण्यासाठीच्या मजबूत हुकाला, आणायचा, की ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा. शिवाय दोर जास्त बाहेर निघतो म्हणून ड्रमवर थर कमी राहतात, तिथेही फायदा, आणि मोटर कमी अँपिअर खाते. म्हणून १२००० वरून १३५०० वर उडी मारायला जे पैसे जाणार ते चांगल्या स्नॅच ब्लॉकमध्ये घाला असं मी कोणालाही सांगेन.

पुढे मोटर. स्टिकरवर हॉर्सपॉवर लिहिलेली असते आणि तिथे जाम गंमत असते. ७ हॉर्सपॉवर असं ठळक छापलेलं आणि खाली बारीक अक्षरात फुल लोडला ४०० अँपिअर. आता १२ व्होल्ट गुणिले ४०० म्हणजे ४८०० वॅट, एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटची, म्हणजे आत जाणारी वीजच मुळात साडेसहा हॉर्सपॉवरच्या आत आहे, त्यातही लोडखाली बॅटरीचा व्होल्टेज पडतो आणि मोटर गरम होऊन काही वाया घालवते ते वेगळंच. आत साडेसहा आणि बाहेर सात? असा स्टिकर दिसला की समजायचं, बाकीचे आकडेही ह्याच हाताने लिहिलेत.

त्यापेक्षा मोटर कुठल्या जातीची ते विचारा. सिरीज वाउंड मोटर करंट जास्त खाते पण जड लोडला टिकून राहते. परमनंट मॅग्नेटवाली करंट कमी खाते, स्वस्त पडते, पण पटकन तापते आणि तापली की दम सोडते. हलकी गाडी, कधीतरी एकदा लागणारी विंच असेल तर परमनंट मॅग्नेट चालून जाईल, भारी ट्रकला मात्र सिरीज वाउंडच. आणि कुठलीही असली तरी सलग ओढत बसायचं नाही, फुल लोडला एखादं मिनिट चालवली की थांबायचं, मोटरला हात लावून बघायचा, हात टिकत नसेल तर चहा घ्या आरामात, गाडी कुठे पळून जात नाहीये.

गिअर बहुतेक सगळ्या विंचमध्ये प्लॅनेटरी असतात, आटोपशीर आणि बऱ्यापैकी वेगवान. वर्म गिअरवाली हळू चालते पण लोड आपोआप धरून ठेवते. स्वस्त प्लॅनेटरीत बघायची गोष्ट म्हणजे ब्रेक, कारण तो बहुतेक ड्रमच्या आतच बसवलेला असतो, आणि लोड असताना दोर मोटर चालवून सोडत गेलं की ब्रेक घासून ड्रम आतून सणसणीत तापतो. स्टील रोपला त्याचं काही नाही, सिंथेटिकला मात्र आहे, तो दोर ज्या धाग्याचा असतो तो १५० अंशाच्या आसपास वितळतोच आणि त्याच्या बराच आधी, ६५-७० अंशांपासूनच त्याची ताकद कमी व्हायला लागते. म्हणून तीव्र उतारावर गाडी विंचने खाली सोडायचं काम वरचेवर पडत असेल तर एकतर ब्रेक ड्रमबाहेर असलेली विंच बघा, नाहीतर पहिल्या थराला उष्णतेचं आवरण असलेला दोर घ्या.

स्टील की सिंथेटिक ह्यावर लोक भांडत बसतात. मला विचाराल तर बजेटमध्ये बसत असेल तर सिंथेटिक, साधं कारण हे की तुटला तर तो स्टीलसारखा चाबूक होऊन माणसावर येत नाही, शिवाय नुसत्या दोरामुळे गाडीच्या नाकावरचं आठ-दहा किलो वजन कमी होतं आणि हाताला कुसं टोचत नाहीत. पण तो लाडाचा आहे, उन्हाने खराब होतो, वाळू आत शिरली की आतून कापतो, दगडाच्या धारेवर घासला की संपला. दगडधोंड्यातच फिरत असाल आणि दोर धुवायचा, सुकवायचा कंटाळा असेल तर स्टील घ्या आणि जाड चामडी हातमोजे घ्या. एक गोष्ट मात्र चुकवू नका, स्टील काढून सिंथेटिक लावला आणि जुना रोलर फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो ती रोलरची चौकट) तसाच ठेवला, असं करू नका, स्टीलने रोलरवर चरे पाडलेले असतात आणि ते नवा दोर कुरतडतात. सिंथेटिकला गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉझ फेअरलीड.

स्वस्त विंच मरते कुठे? गिअर तुटून क्वचित. मरते ती कंट्रोल बॉक्समध्ये. जुन्या पद्धतीचे चार सुटे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात, त्यात पाणी गेलं की गंज, गंजला की कधी चिकटून बसतो आणि बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते, हे भयानक असतं, हुक फेअरलीडमध्ये घुसतो आणि सगळं वाकवून ठेवतो. म्हणून दोन गोष्टी. त्या चारांऐवजी सीलबंद एकच काँटॅक्टर असलेली विंच मिळाली तर तीच घ्या, आणि काहीही असलं तरी बॅटरीच्या वायरवर वीज पूर्ण तोडणारा मोठा आयसोलेटर स्विच टाकाच, ड्रायव्हर सीटवरून किंवा बॉनेटजवळून हात पोचेल असा. विंच वापरात नसताना तो बंद, मग उभ्या गाडीत कुठे वायर घासून शॉर्ट व्हायची भीती नाही.

वॉटरप्रूफ शब्दावर जाऊ नका, आयपी आकडा विचारा, धूळ-पाणी किती अडवतं ते तो सांगतो. ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. ओढे-नाले पार करणार असाल तर ६७ तरी पाहिजेच, आणि तो आकडा फक्त कंट्रोल बॉक्सचा आहे की मोटर आणि गिअरबॉक्ससकट सगळ्या विंचचा ते स्पष्ट विचारा, तिथे दुकानदार बरोबर गडबडतो.

बॅटरीचं सांगायचं तर ६५० सीसीएच्या (थंडीत स्टार्टला बॅटरी किती करंट देते तो आकडा) खाली जाऊ नका, आणि ओढताना इंजिन चालूच ठेवा, थोडं रेस करून. अल्टरनेटर ८० ते १०० अँपिअर देणार आणि विंच ४०० मागणार, उरलेलं सगळं बॅटरीतून जातं, त्यामुळे बॅटरी आधीच मरायला टेकली असेल तर विंच कितीही भारी घ्या, घूं घूं करून थांबेल. आणि मग लोक विंचला शिव्या घालतात. सोबत आलेल्या वायरी बारीक वाटल्या तर बदला, ३५ स्क्वेअर मिलिमीटर तांबं तरी पाहिजे, लांब पल्ला असेल तर ५०, अर्थिंगची वायर बॉडीला न मारता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

बसवायला बहुतेक मधल्या साइजच्या विंचचं बोल्ट पॅटर्न एकच असतं, २५४ बाय ११४ मिलिमीटर, त्यामुळे उद्या विंच बदलली तरी प्लेट तीच चालते. प्लेट चॅसीला बोल्ट झालेली पाहिजे, दिसायला रुबाबदार पण पत्र्याच्या ब्रॅकेटवर लटकलेला बंपर चालणार नाही.

ब्रँडचं म्हणाल तर बऱ्याच स्वस्त विंच चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून निघतात आणि त्यावर वेगवेगळे स्टिकर लागतात, त्यात वाईट काही नाही, काही खरंच चांगल्या असतात. फरक पडतो तो मागे कोण उभं आहे ह्याने. विकत घ्यायच्या आधी त्यांना एक साधा प्रश्न विचारा, ह्या मॉडेलची सुटी मोटर, काँटॅक्टर आणि रिमोटचा सॉकेट मिळेल का, आणि किती दिवसात. तिन्ही मिळत असतील तर दहा वर्ष जाईल. अख्खी विंचच बदलून देऊ असं म्हणाले तर समजायचं की पार्ट नाहीत, आणि वॉरंटी संपली की वाऱ्यावर.

सेकंडहँडही वाईट नाही हां. वॉर्न ८२७४ सारखी उभ्या ठेवणीची जुनी विंच बघा, ८००० पौंडांची आणि १९७४ ची म्हणून नाव ८२७४, तिचे पार्ट अजूनही मिळतात आणि लोक अजूनही त्या खोलून नव्यासारख्या करतात. फक्त तिला माउंट वेगळं लागतं, आणि खोलून ग्रीस, ब्रेक, ब्रश बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

नवी असो की जुनी, बघायला गेलात की बॅटरीला जोडून चालवून बघा. ड्रम मोटरपासून मोकळा करणारा क्लचचा लिव्हर टाकून दोर हाताने ओढा, सरसर आला पाहिजे, अडकत यायला नको. लिव्हर परत लावला की खट्‌कन बसला पाहिजे. मग दोन्ही बाजूंनी चालवून आवाज ऐका, सारखा घरघर आवाज ठीक, मध्येच कटकट आली तर गिअर तपासा. जमलं तर एखादी गाडी हलक्या चढावर लोडखाली धरून बटण सोडा आणि दोरावर चिंधी बांधून खूण करा, चिंधी सरकली तर ब्रेक धरत नाहीये. हे करताना दोरीच्या रेषेत आणि गाडीच्या मागे-पुढे कोणी उभं राहणार नाही हे बघा. वायरलेस रिमोट असेल तर मस्त, पण वायरचा रिमोटही सोबत आलाच पाहिजे, सेल नेमके चिखलात संपतात.

सोबत जे सामानाचं किट फुकट देतात त्यातले शॅकल, म्हणजे दोर-पट्टा जोडायच्या लोखंडी कड्या, नीट बघा. अंगावर भार कोरलेला नसेल तर ते बाजूला ठेवा, १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. झाडाला लावायचा रुंद पट्टा, दोरावर टाकायचं जड ब्लँकेट आणि हातमोजे हे त्याच दिवशी घ्या, नंतर घेऊ म्हटलं की राहतं. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) हुक कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा सुटतो.

बसवून झाली की कारखान्यातून आलेला दोर तसाच वापरू नका, तो सैल गुंडाळलेला असतो आणि पहिल्याच जोराच्या ओढीत वरचा थर खालच्यात घुसून अडकतो. सपाट मोकळ्या जागेवर दोर ते ठेवायचे वेढे सोडून सगळा बाहेर काढा, टोक भक्कम आधाराला लावा, गिअर न्यूट्रलला ठेवून ब्रेक जेमतेम दाबत गाडीलाच हळू हळू ओढून घ्या, सव्वादोनशे किलोचा ताण पुरतो, आणि दुसऱ्या माणसाने लांब उभं राहून वेढे शेजारी-शेजारी बसतात का ते बघत सांगायचं. मग माउंटचे बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने आवळा, पहिल्या ओढीनंतर ते हमखास थोडे ढिले होतात.