‘आवाज तं येते, पण समजत नाही’ : घरच्या घरी पडताळून पाहण्याजोगे ध्वनिशास्त्र

नागपुरात एप्रिल लागला की घरोघरी कूलर सुरू होतात आणि महाल भागातल्या आमच्या घरी आजीची तक्रारही सुरू होते : “आवाज तं येते, पण काय बोलून राहिले ते समजत नाही.” श्रवणशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य अगदी नेमके आहे, कारण आवाज कानावर पडणे आणि त्यातले शब्द उमगणे या दोन गोष्टी त्यात वेगळ्या केल्या आहेत. त्या वेगळ्या का आहेत, हे एक नळी, मोजपट्टी आणि मोबाइल एवढ्या साहित्यावर तपासता येते, आणि घरातल्या ज्येष्ठांशी कसे बोलावे तेही त्यावरूनच ठरवता येते.

प्रथम पीव्हीसी पाइपाचा १७ सेंटिमीटर लांबीचा अरुंद तुकडा घ्यावा. त्याचे एक टोक तळहाताने घट्ट बंद करून दुसऱ्या टोकावर, पेनाच्या टोपणाची शिट्टी वाजवतात तशी, आडवी फुंकर मारावी. मोबाइलवर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते, दाखवणारे ॲप सुरू असेल, तर ५०० हर्ट्झच्या आसपास एक टोकदार उंचवटा दिसेल. एका बाजूने बंद असलेल्या नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. म्हणून ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० मीटरला, या चौपटीने भागले की हा आकडा मिळतो. (मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हा वेग जवळजवळ ३५८ मीटर होतो आणि डिसेंबरच्या थंड पहाटे ३३७ पर्यंत उतरतो, त्यामुळे एकाच नळीचा स्वर ऋतूनुसार थोडा चढतो-उतरतो.)

प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्गही साधारण १७ सेंटिमीटरचाच असतो. जीभ आणि ओठ त्याचा आकार बदलतात, तसे घुमणाऱ्या वारंवारतांचे उंचवटे सरकतात आणि स्वर बदलतो. एकाच पट्टीत ‘आ’ आणि ‘ई’ लांबवून म्हणावेत : ‘आ’चे पहिले दोन उंचवटे सुमारे ७०० आणि ११०० हर्ट्झजवळ येतात, तर ‘ई’चा पहिला ३०० च्या आसपास राहतो आणि दुसरा २००० च्या वर जातो. आता ‘श’ आणि ‘स’ म्हणून पाहावे. येथे टोकदार उंचवटे न दिसता घर्षणाचा पसरट पट्टा दिसतो; ‘श’चा पट्टा अडीच हजारांच्या आसपास सुरू होतो आणि ‘स’चा जोर चार हजारांच्या वर असतो. हे ध्वनी स्वरांच्या मानाने फार क्षीण असतात, आणि वाढत्या वयात ऐकण्याची शक्ती बहुधा याच वरच्या पट्टीत आधी कमी होते. त्यामुळे ‘साठ’मधला ‘स’ निसटला, की आजीला ‘आठ’ ऐकू येते. भाजीचा भाव सांगताना हा घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्यात आजीच्या लक्ष देण्याचा काहीही दोष नव्हता.

कूलरचे मोजमाप करताना मोबाइलचा मायक्रोफोन प्रमाणित नसतो हे लक्षात ठेवावे आणि आकड्यांपेक्षा त्यांमधल्या फरकावर विश्वास ठेवावा. मोबाइल आजीच्या खुर्चीवर, तिच्या कानाच्या उंचीवर धरावा. प्रथम फक्त कूलरचा आवाज मोजावा आणि मग कूलर बंद करून, नेहमीच्या जागेवरून बोलत, आपला आवाज मोजावा. बोलणे निदान १५ डेसिबलने वरचढ असावे, असे वर्गखोल्यांसाठी सामान्यतः धरले जाते, आणि घरीही तेच उद्दिष्ट ठेवणे योग्य आहे. फरक कमी असेल, तर ओरडण्यापूर्वी अंतर कमी करावे. मोकळ्या गच्चीवर अंतर निम्मे केले की पातळी ६ डेसिबलने वाढते. खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने हा लाभ थोडा कमी होतो, तरी जवळ जाण्यासारखा सोपा उपाय दुसरा नाही. ओरडल्याने स्वरांचा जोर खूप वाढतो, पण व्यंजनांचा तेवढा वाढत नाही. म्हणजे जे आधीच ऐकू येत होते, तेच आणखी मोठे होते.

शेवटी श्रवणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी करावी. कूलर बंद करून एक मीटरवर बसावे, ओठांसमोर जाड कागद धरावा आणि ‘म’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श’, ‘स’ हे ध्वनी उलटसुलट क्रमाने, मधले अंतर कमीजास्त ठेवून म्हणावेत. व्यंजनांना ‘अ’ची जोड देऊ नये, अन्यथा आजी स्वरावरून ओळखेल. तिने जे ऐकले तेच तिला म्हणायला सांगावे आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवावे. ही श्रवणक्षमतेची पूर्ण तपासणी नव्हे. कानात मळ असू शकतो, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी दाखवावे आणि नंतर ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणक्षमता तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाताना हा कागद सोबत न्यावा. आमच्या कागदावर ‘म’, ‘ऊ’ आणि ‘आ’ यांच्यापुढे सगळीकडे बरोबरची खूण होती, ‘श’ दोनदा चुकला होता आणि ‘स’च्या रकान्यात आजीने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले होते : “तू काई बोललाच नाही.”