सायक्लोक्रॉस: आधी उतरा-चढायला शिका, मग वेगाचं बघू

सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल आणि अडथळ्यांच्या वाटेवरची सायकल शर्यत; अडथळ्यापाशी उतरायचं, सायकल उचलून पलीकडे जायचं आणि पुन्हा चढायचं. नवखे स्पर्धक दम वाढवण्यामागे लागतात, पण खरे सेकंद जातात ते फळ्यांच्या अडथळ्यापाशी. फळीची उंची जास्तीत जास्त 40 सेंमी, म्हणजे सायकल खांद्यावर घ्यायची गरजच नाही.

फळीच्या आधीच ब्रेक लावा आणि पुढे लागेल तो हलका गिअर टाका; हे हमखास विसरतं. डावं पेडल खाली, उजवा पाय सीटमागून डावीकडे, उजवा हात सायकलच्या सांगाड्याच्या वरच्या नळीवर. वजन त्या हातावर घ्या, डावा क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) सोडवा, उजवा पाय आधी जमिनीवर. क्लीट अडकून आपटायला होत असेल तर पेडलची स्प्रिंग सैल करा.

चढताना दोन्ही हात हँडलवर, डाव्या पायाने रेटा, उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून घसरत बसा. सरळ सीटवर उडी मारणाऱ्यांचे हाल विचारू नका! सीटवर बसण्याआधी डाव्या पायावर एक जादा उडी पडते ती भीतीने, नजर सीटवर खिळल्यामुळे. समोर बघा. गवतावर, चालण्याच्या वेगाने, आठवड्यातून दोनदा 15 मिनिटं सराव करा, वेग नंतर.

हवेचं म्हणाल तर 33 मिमी ट्यूबलेस टायर आणि 70 किलोच्या आसपास वजन असेल तर 28 पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात करा, सरावाच्या फेरीगणिक 2 ने उतरवा. रिम मुळांवर ठणठण आपटू लागली की 2 परत भरा. चिखलात कमी चालतं, खडकाळ वाटेवर नाही.