गुलमर्गचा बर्फ: अंदाज कसा वाचायचा आणि तिकीट कधी काढायचं

गुलमर्गला स्कीइंगला निघणाऱ्याने ॲपमधला बर्फाच्या सेंटिमीटरचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. ॲप ४० म्हणतं तेव्हा प्रत्यक्षात २० पडतो, कधी ६०. आधी बघायचं ते असं: झंझावात येतोय का, तो कधी सरकतोय, आणि वर तापमान नि वारा किती.

काश्मीरचा हिवाळी बर्फ जवळजवळ सगळा पश्चिमी झंझावातांच्या खात्यावर जमा होतो. भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत हे येतात. प्रत्येक झंझावात कामाचा नसतो. विंडीसारख्या ॲपवर ५०० हेक्टोपास्कलची पातळी लावा (हेक्टोपास्कल म्हणजे हवेच्या दाबाचं एकक; आकडा जितका कमी तितकी पातळी उंचावरची) आणि रेषांना दक्षिणेकडे किती झोळ पडलाय ते पाहा. झोळ राजस्थानपर्यंत उतरला असेल तर अरबी समुद्राची आर्द्रता ओढली जाते आणि गुलमर्गच्या पीर पंजाल डोंगररांगेवर दणकून बर्फ पडतो. उथळ झोळ उत्तरेकडून निसटला की ढग, वारा आणि जेमतेम चार बोटं बर्फ. (हाच झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे वारे सुटतात आणि पुण्या-नाशिकचा पारा उतरतो. म्हणजे आपल्याकडे स्वेटर निघेपर्यंत तिकडचं आकाश बहुधा मोकळं झालेलं असतं.)

कॅलेंडरवर विसंबू नका. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याच्या थंडीचे; पण थंडी आहे म्हणून बर्फ आहे असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा, इतकंच.

दहा ते सात दिवस आधी फक्त झोळ दिसतो का ते बघा, किती मिलिमीटर पाणी पडेल तो आकडा वाचूच नका. या टप्प्यावर एन्सेम्बल उपयोगी पडतो: सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तोच अंदाज अनेकदा चालवतात. अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलांपैकी युरोपियन मॉडेलच्या अशा ५१ आवृत्त्या असतात, अमेरिकन जीएफएसच्या ३१. चाळीसेक आवृत्त्या त्याच दोन दिवसांत बर्फ दाखवत असतील तर रजेचा अर्ज टाकायला हरकत नाही. दहाच दाखवत असतील तर तारीख बदलता येणारं तिकीट काढा किंवा थांबा. पाच दिवसांवर दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवा. वेळेत बारा तासांहून जास्त फरक असेल तर अजून काही ठरलेलं नाही. रोज एकाच वेळचा रन, म्हणजे मॉडेलचा ताजा अंदाज, पाहा. ००चा (जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीचा) जीएफएस आपल्याकडे सकाळी साडेदहापर्यंत पूर्ण येतो, युरोपियन साडेबाराच्या सुमारास. दर सहा तासांनी ॲप उघडून आनंदी-दुःखी होण्यात काही अर्थ नाही. तीन दिवसांच्या आत आल्यावर मिलिमीटर वाचा, आणि शेवटच्या दिवशी इन्सॅट उपग्रहाचं ढगांचं चित्र व श्रीनगर हवामान केंद्राचं पत्रक.

आता उंचीचा हिशेब. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा संपतो ते कोंगडोरी साधारण ३,१००वर, दुसऱ्याचं टोक अफरवट डोंगरावर ३,९५०च्या आसपास. मॉडेलला डोंगर असा दिसत नाही. ते जमिनीचे मोठे चौकोन पाडतं आणि एका चौकोनात दरी आणि शिखर यांची सरासरी होते. म्हणून 'गुलमर्ग' टाइप करून आलेलं तापमान कोणत्या उंचीचं आहे ते आधी तपासा, आणि दर १०० मीटरला ०.६ अंश या हिशेबाने वर-खाली करा. याहून सोपं म्हणजे ७०० हेक्टोपास्कलचं तापमान पाहा. ती पातळी साधारण ३,००० मीटरची, म्हणजे जवळपास कोंगडोरीच. तिथे उणे ८ किंवा खाली असेल तर बर्फ कोरडा, भुसभुशीत. उणे ३च्या वर असेल तर गावात ओला, जड. शून्याच्या वर गेलं की गावात पाऊस. निरभ्र, शांत रात्री मात्र हा हिशेब फसतो: थंड हवा गुलमर्गच्या वाटीत साचते आणि खालीच जास्त गारठा असतो.

समजा चोवीस तासांत २० मिलिमीटर पाणी दाखवलंय. बरीच ॲपं सरसकट एका मिलिमीटरला एक सेंटिमीटर धरतात, म्हणून २० सेंटिमीटर लिहितात. गावात उणे १ असेल तर आठपटीने धरा: १६, तोही जड. अफरवटवर उणे १०ला चौदापटीने २८. मात्र वारा असेल तर कण तुटून घट्ट बसतात, मग वरचा आकडाही खाली आणा.

झंझावातादरम्यान तापमान कुठल्या दिशेने जातंय तेही पाहा. सुरुवात उबदार आणि शेवट थंड असेल तर खाली जड थर, वर हलका. स्की छान तरंगते. उलट झालं तर हलक्यावर जड थर बसतो, स्कीचं टोक आत रुततं आणि उतारही बेभरवशाचा होतो.

वाऱ्यासाठी ६०० हेक्टोपास्कलची पातळी लावा, साधारण ४,२०० मीटर. तिथे ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर असेल तर दुसरा टप्पा बंद राहील हे धरून चाला. वारा थांबला तरी लगेच उघडत नाही. आधी स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाला, हिमस्खलनाचा धोका तपासून कमी करावा लागतो, त्यात एखादा दिवस जातो. म्हणून बर्फ पडायच्या आदल्या दिवशी पोचा आणि थांबल्यानंतरचे दोन-तीन दिवस हातात ठेवा. बर्फ पडत असताना निघालात तर श्रीनगरचं विमान रद्द होतं, नाहीतर टंगमर्ग ते गुलमर्गच्या १३ किलोमीटरवर चाकांना साखळ्या नसलेली गाडी अडकते.

गोंडोलाखालच्या नियंत्रित भागाबाहेर जाणार असाल तर चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक वाचा. धोक्याच्या पाच पातळ्या असतात आणि तिसरीसुद्धा मध्यम समजू नये. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, त्यातही वाऱ्याच्या आडोशाची बाजू, कारण उडालेला बर्फ तिथेच साचतो. अफरवटवर १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड यातलं एकही कमी असेल तर बाहेर जाऊ नका. ट्रान्सीव्हर हॉटेलातच सुरू करून बॅटरी बघा.

मार्चमध्ये झंझावात जोरदार येऊ शकतात, पण ऊन बर्फ लवकर खराब करतं. दुपारी वितळतो, रात्री गोठतो, सकाळी वर कडक पापडी. तेव्हा उन्हाच्या उतारावर दहा-अकराला उतरा, दुपारी उत्तरेकडच्या सावलीत जा.