टंचाईच्या वर्षी पाणीपुरवठ्यात रुजू होताना

2016 च्या फेब्रुवारीत मी मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो. पदवी स्थापत्यची, आणि गावाला दहा दिवसांआड पाणी. या खात्यात नव्याने लागलेली पोरं हल्ली फोन करून विचारतात, काय वाचून येऊ? त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी धरणाचं गणित पक्कं करा. एक दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे 100 कोटी लिटर. लाखभर वस्तीला माणशी 40 लिटर दिलं तर कागदावर 250 दिवस पुरतं. पण एप्रिल-मेचं ऊन तुमच्याआधी पिऊन घेतं, उरलेल्यातलं गळतीत जातं. जिवंत साठा संपला की मृतसाठा. पाणी डोळ्यांना दिसतं, जॅकवेलपर्यंत, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीपर्यंत, मात्र येत नाही. मग चर खोदा, तरंगते पंप लावा, गढूळ पाण्याला जास्तीची तुरटी घाला. टंचाई आराखड्याचे तीन टप्पे असतात, पहिला ऑक्टोबर ते डिसेंबर. अधिग्रहणाची, म्हणजे तात्पुरत्या ताब्यात घ्यायच्या खासगी विहिरींची यादी तेव्हाच करून ठेवा. मार्चमध्ये विहीर शोधत फिरलात तर शेतकऱ्याचा ऊस उभा असतो, आणि तो तुम्हाला चहाही विचारत नाही.

त्याच वर्षी मांजरा धरण कोरडं पडून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. मार्चमध्ये तिथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सगळा देश टीव्हीवर बघत होता. लातूरची वस्ती जवळपास चार लाख. म्हणजे माणशी सव्वा लिटर, एक तांब्या. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली तेव्हाही हिशेब माणशी सहा-साडेसहा लिटरचाच. कौतुक जरूर करा, पण असा भागाकार करायची सवय लावून घ्या.

आता माझी चूक. एका भागाला रात्री दहाची पाळी जाहीर केली होती. वीज गेली, जलकुंभ भरलाच नाही. मी म्हटलं, भरला की सोडू, आणि पहाटे चारला व्हॉल्व्ह उघडला. कुणाला कळवलं नाही. सकाळी गल्लीत गेलो तर गटार दुथडी भरून वाहत होतं. बारापर्यंत वाट बघून लोक नळ उघडे ठेवूनच झोपले होते, पाण्याच्या आवाजाने जाग येईल म्हणून. निम्म्यांना आलीच नाही. ओट्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, आज येत नाही म्हनला असता तर नळ बंद करून झोपले असते की." दहा दिवसांचं पाणी आणि मी दवंडी द्यायला एक माणूस पाठवला नव्हता.

तेव्हापासून माझं मत झालंय, टंचाईत पाण्याइतकीच वेळ राखावी लागते. पाळीचा भरवसा उडाला की लोक घाबरून जास्त भरतात. बादल्या, पिंपं, टाकी, अगदी कढई. पुढची पाळी आली की ते 'शिळं' पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात. म्हणून दोन पाळ्यांमधलं अंतर दुप्पट केलं म्हणजे वापर निम्मा होतो, असं समजू नका. शिवाय उघड्या पिंपात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

गळती शोधायला यंत्रं आहेत. आमच्याकडे सळई होती. रात्री पाणी सुटलेलं असताना एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. फुटलेल्या जागी सूं आवाज येतो. पहिल्या रात्री मला फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. रिकाम्या लाइनीत व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, नाहीतर कोंडलेली हवा जुना पाइप फोडते. पाळी नसताना गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत शिरतं, म्हणून शेवटच्या घरातल्या नळावर क्लोरीन तपासा, टाकीवर तपासून सही करू नका.

आणि व्हॉल्व्हमनशी जमवून घ्या. आमच्या व्हॉल्व्हमन मामांकडे एक वही होती, कोणत्या व्हॉल्व्हला चावीचे किती फेरे याची. ते निवृत्त होण्याआधी दोन दुपारी बसून मी ती उतरवून घेतली. मारुती मंदिरामागचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे कुठल्याच नकाशात नव्हतं.