टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या फॉर्मवर) सही झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही

जुनी गाडी घेताना "फॉर्मवर सह्या देतो, सवडीनं नावावर करून घ्या" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ही सवड विकणाऱ्यालाच जास्त महागात पडते. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

पैसे देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका आणि बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, पाहा. कर्ज फिटलं तरी आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) बँकेचं नाव आपोआप उतरतंच असं नाही. त्यासाठी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत लागतो. एनओसीवरची तारीख नीट वाचा. बऱ्याचदा तिला मुदत असते आणि ती उलटली की पुन्हा बँकेचे खेटे आले. थकलेली ई-चालानं विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर महाराष्ट्रात एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर पाटी) बसलेली हवी, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

आता मालकी बदलाच्या ऑनलाइन अर्जाचा ओटीपी. तो जातो आरसीला जोडलेल्या, म्हणजे विकणाऱ्याच्या मोबाइलवर. दहा वर्षांपूर्वीचा नंबर बंद पडलेला असतो आणि गाडी ताब्यात आल्यावर हे कळतं. म्हणून ऑनलाइन अर्ज विकणाऱ्याला शेजारी बसवूनच भरा.

कागद असे: फॉर्म २९ (विक्री कळवण्याचा) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (मालकी बदलाचा अर्ज), मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, पॅन. फॉर्म २९ वर तारीख कोरी सोडू नका. कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन हात फिरते. सही मूळ नोंदीसारखीच हवी. चेसिस प्रिंट (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा) मागितली तर नंबरावरचा मळ आधी पुसा, पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासा. एक अंक जरी पुसट आला तरी कागद परत येतो.

मुदत कायद्यात दिलेली आहे: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. परराज्यातली गाडी असेल तर आधी तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, मग इथला कर. स्वस्त वाटलेली गाडी इथंच महागते. मूळ मालक हयात नसेल तर वारसाला फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. डीलरला गाडी देत असाल तर तो अधिकृत आहे का पाहा आणि फॉर्म २९सी ची (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची) नोंद करून घ्या, नुसत्या पावतीवर चावी देऊ नका.

विम्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. थर्ड पार्टी कवच (दुसऱ्याच्या नुकसानीचं) गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर घ्या. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) विकणाऱ्याचा, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे हप्त्याचा फरक भरावा लागतो.

डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा: सकाळचं चालान कुणाचं आणि संध्याकाळचं कुणाचं, हा वाद तिथेच मिटतो. विकणाऱ्यानं त्याच दिवशी फास्टॅग बंद करावा, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून जात राहील.